दुसरा डबा

माझा भाऊ तोआतू गाणी करतो, पण स्वतःचं एकही गाणं त्याला पाठ नाही. हे ऐकून राजधानीहून, तारावाहून आलेले शिकलेले लोक हसतात. हसू देत. आमच्या बेटावर कवीने गाणं बाहेर काढायचं असतं, आणि ते धरून ठेवायचं काम आमचं, म्हणजे झेलणाऱ्यांचं. उजाडता उजाडता तो बाहेरच्या समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहतो. आम्ही दोघं वाळूवर बसतो. तो ओळ टाकतो, आम्ही ती झेलतो, मोठ्याने परत म्हणतो, कुठे अडखळत असेल तर घासूनपुसून नीट करतो. पाण्याबाहेर आला की त्याचं डोकं रिकामं होतं. मग ते गाणं आम्ही गावाला शिकवायचं, घसा आम्ही बसवून घ्यायचा आणि कौतुक त्याचं व्हायचं. मी हे बोलून दाखवलं की तो म्हणतो, "ताई, तू नसतीस तर माझी सगळी गाणी माशांनी खाल्ली असती." गोड बोलून काम काढून घ्यायची त्याला लहानपणापासून सवय आहे.

दुसरे झेलणारे काउतुना आजोबा. ते माझ्याहून मोठे, म्हणून आमचं दोघांचं एखाद्या ओळीवर जुळलं नाही तर त्यांनी झेललेली ओळ खरी. आणि एकदा ठरलेली ओळ खुद्द कवीलाही बदलता येत नाही. हा नियम मला कधीच पटला नाही, पण मला विचारतो कोण!

तोआतूची सगळी गाणी त्याच्या स्वतःच्या आठवणींची. लोक राजांची, लढायांची, देवाची गाणी करतात. हा ज्या माडावरून लहानपणी पडला त्या माडाचं गाणं करतो. आईच्या केसांच्या तेलाचं गाणं, मिशनच्या शाळेत पहिल्यांदा घातलेल्या आणि एका दिवसात हरवलेल्या चपलांचं गाणं. त्या चपलांच्या गाण्यावर शेजारच्या गावातले थोराड बाप्ये मुसमुसून रडले होते. त्याला सगळं आठवतं. कोणी कोणत्या दिवशी काय म्हटलं, तेव्हा वारा कुठून येत होता, सगळं.

आणि त्यालाच तेवढी एक गोष्ट आठवत नव्हती.

गेल्या वर्षी त्याचा मुलगा तानिएरा सकाळी लांब समुद्रात कुपा मासे धरायला बोट घेऊन गेला आणि आला नाही. एकुलता एक पोरगा, लग्न ठरलेला. आभाळ लख्ख होतं, वादळ नाही, काही नाही. सगळ्या गावाने शोधला. शेवटी बोट दक्षिणेकडच्या एका बेटाच्या लोकांना वाहत आलेली सापडली. इंजिन शाबूत, गळ शाबूत, पेट्रोलचा डबा कोरडा ठणठणीत. पोरगा नाही. आणि इकडे तोआतूच्या घरामागच्या खोपटात दुसरा डबा काठोकाठ भरलेला तसाच उभा. एवढ्या लांब जाताना दोन डबे न्यायचे असतात हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"विसरला कार्टा," त्याची आई म्हणाली. तेरेसिया तिचं नाव, माझी भावजय. "सांगून सांगून माझी जीभ झिजली. डबा विसरला आणि मेला."

त्यानंतर ती रडली नाही. आमच्याकडे बायका मोकळ्या गळ्याने रडतात, त्याची लाज नसते. ही रडली नाही. रोज सकाळी उठून खोपटात जायची, त्या डब्यासमोर उभी राहून पोराला शिव्या घालायची. त्या मी कुंपणापलीकडून ऐकायचे. एकदा शेजारचा माणूस तो डबा उसना मागायला आला, तर त्याच्या अंगावर कोयता घेऊन धावली. मला म्हणाली, "ताई, मला त्याच्यासाठी रडायचं आहे, पण राग जातच नाही. रागावलेल्या माणसाला रडू कसं येणार? वर्ष होत आलं. मी मेलेल्या पोराला शिव्या घालते. मी आई आहे की कोण आहे?" मी तिला नीरा दिली, ती तिने प्यायली नाही.

तशात आमच्या मानेआबावर, म्हणजे गावाच्या सभाघरावर, नवं छप्पर घालून झालं. गावाची बैठक, नाच, भांडणं, मेजवान्या, सगळं या मानेआबात होतं, त्यामुळे नवं छप्पर म्हणजे मोठा सोहळा. शेजारचं गाव पाहुणं येणार, दोन्ही गावं नाचणार. म्हाताऱ्यांची बैठक तोआतूकडे आली, की गाणं हवं. तानिएरा गेल्यापासून त्याने गाणं केलं नव्हतं. नीरा काढायला माडावर चढायचा तोही मुकाट्याने. आमच्याकडे माडावर चढलेला पुरुष गात नसेल तर खालचे लोक वर बघून विचारतात, "उतरवायला येऊ का?"

तो नाही म्हणणार होता. तेरेसिया आतून बाहेर आली.

"करेल तो," ती म्हणाली. "माझ्या पोराचं गाणं करेल. पण त्यात तानिएरा शेवटी जे बोलला ते आलं पाहिजे. जसंच्या तसं." मग तोआतूकडे वळली. "तू एकटाच होतास त्याच्याजवळ. काय म्हणाला तो जाताना?"

"काहीतरी म्हणाला."

"काय?"

"आठवत नाही, तेरेसिया."

"चपला आठवतात," ती म्हणाली. "पन्नास वर्षांपूर्वीच्या चपलेचा पट्टा कुठे तुटला होता ते आठवतं. आणि माझा पोरगा शेवटी काय बोलला ते आठवत नाही? त्या एका वाक्यात काहीतरी असेल रे. असं काहीतरी, की मी त्याला माफ करीन. मला ते वाक्य दे. बाकी गाणं तू कुत्र्याचं कर नाहीतर मांजराचं कर."

म्हातारी मंडळी चटईकडे बघत बसली.

त्यानंतर माझ्या भावाने स्वतःचे जे हाल केले ते मला बघवेनात. खाणं सोडलं. निरफणस भाजून नेला तर कुत्र्याला घातला. सकाळ-संध्याकाळ त्या वाळूवर, जिथून बोट ढकलली होती तिथे. एक दिवस मला ओढतच घेऊन गेला.

"ताई, तू तानिएरा हो."

"मी?"

"बोटीचं टोक धर. असं. आता ढकल. आता मागे वळ आणि काहीतरी बोल."

माझे गुडघे म्हणजे गंजलेल्या कड्या. तरी वाकले, बोटीचं टोक धरलं, ढकलल्यासारखं केलं. तो खाली बसला, फाटकं जाळं मांडीवर घेतलं, गाठ मारण्यासाठी दोरा दातात धरला. त्या दिवशी असाच बसला होता म्हणे.

"बोल काहीतरी."

"काय बोलू? गुडघे दुखतायत माझे. भात लावून आले आहे, तो करपेल."

"तसं नाही! त्याने... त्याने विचारलं. हो, विचारलं काहीतरी. आवाज वर गेला होता शेवटी. मी वर बघितलं नाही. माझ्या दातात दोरा होता."

"बरं, विचारलं. मग तू काय म्हणालास?"

मी सहज विचारलं हो. देवाशपथ सहज. त्याने दातातला दोरा काढला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मी बोट सोडून दिली.

"मी काही म्हणालो का?" तो पुटपुटला. आणि मग दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं बडवायला लागला. "त्याचा आवाज इथे आहे, ताई, इथे, कानाच्या मागे. शब्द नाहीत. नुसता आवाज. माझ्या पोराचा नुसता आवाज!" मी त्याचे हात धरून ठेवले. मोठी बहीण झाले तरी रडू यायचं ते येतंच.

सोहळा जवळ आला तेव्हा काउतुना आजोबा म्हणाले, आता पाण्यात उतरलं पाहिजे, जे येईल ते येईल. पहाटे आम्ही गेलो. भरती संपत आली होती. तोआतू पाण्यात जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. मग त्याचे खांदे हलले, आणि ओळी यायला लागल्या. असं गाणं त्याने आधी कधी केलं नव्हतं.

"माझा पाय वाळूत, तुझा पाय पाण्यात..."

झेललं आम्ही.

"जाळ्याची गाठ माझ्या दातात, तू मागे वळलास, मी वर पाहिलं नाही..."

झेललं. आणि मग तो थांबला, आणि जो आवाज आला तो त्याचा नव्हता. पोरासारखा हलका, शेवटी वर जाणारा.

"बाबा, दुसरा डबा घेऊ का?"

आणि लगेच स्वतःच्या आवाजात, दातात दोरा धरून बोलावं तसं:

"नको रे, ओझं होतं. दुपारी येशीलच."

मी ओळ परत म्हणणार, इतक्यात शेजारून काउतुना आजोबांनी, इतक्या मोठ्याने की पक्षी उडाले, ओळ झेलली:

"बाबा, सावली पायाशी यायच्या आत येतो मी!"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि दाबलं. पाण्यात तोआतू पुढच्या ओळीकडे गेला होता. गाणं संपलं. तो बाहेर आला, ओला, थरथरत, आणि लहान मुलासारखा विचारतो कसा, "आलं का? ते आलं का त्यात?"

"आलं," काउतुना आजोबा म्हणाले. "सावली पायाशी यायच्या आत येतो, असं म्हणाला."

"असं म्हणाला?" तोआतूने ते वाक्य तोंडातल्या तोंडात दोनतीनदा म्हणून पाहिलं. "छान म्हणाला."

तो घरी गेला तशी मी म्हाताऱ्यावर तुटून पडले. "कान फुटले का तुमचे?"

"कान धड आहेत ग बाई. तुझेही आहेत, म्हणून सांगतो, तोंड बंद ठेव."

"ओळ त्याची होती! खरी होती!"

"खरी होती," ते म्हणाले. "पण त्याला ती पेलणार आहे का? पाण्यातून बाहेर येईपर्यंत पुन्हा विसरला, बघितलंस ना? त्याला कळलं की पोराने विचारलं होतं आणि यानेच नको म्हटलं, तर तो कुठे जाईल? समुद्र दाराशी आहे." त्यांचे डोळे भरून आले होते. "मीही एक पोरगा या पाण्यात घालवलाय. तुला माहीत आहे ते."

मला माहीत होतं. मी तोंड बंद ठेवलं. पण ती ओळ माझ्या पोटात गिळलेल्या काट्यासारखी राहिली.

गाण्याची तालीम सुरू झाली. पोरी ते सावलीचं वाक्य गाताना डोळे पुसायच्या. खरंच सुंदर होतं मेलं. म्हाताऱ्याला ओळ घडवता येते, एवढं मान्य करायला हवं. तोआतू पुन्हा जेवायला लागला. एकदा माडावर गुणगुणलासुद्धा. पण खाली उतरला की माझ्याकडे यायचा, विळीपाशी उकिडवा बसायचा.

"ताई, मी पाण्यात खरंच असं म्हटलं? सावली?"

"काउतुना आजोबांनी झेललं ना?"

"तू काय झेललंस?"

"माझ्या कानात वारा होता," मी म्हणायचे आणि जोरजोरात नारळ खवायचे.

तेरेसियाला मात्र ते गाणं लागलंच नाही. तालमीला येऊन एका बाजूला बसायची. तिसऱ्या दिवशी माझ्या घरी आली आणि दाराशीच उभी राहिली.

"सावलीबिवली बोलणारा पोरगा नव्हता तो," ती म्हणाली. "तो म्हणायचा, भूक लागली. तो म्हणायचा, माझी चड्डी कुठे आहे. हे कोणी केलंय?"

"गाणं आहे ते. गाण्यात थोडं..."

"ताई, तुम्ही तिथे होतात." तिने माझे दोन्ही हात धरले, खोबऱ्याने बरबटलेले. "तो डब्याबद्दल काही म्हणाला का? एवढं एकच सांगा. मी तुमच्या पाया पडते. मी वर्षभर त्याला शिव्या देतेय. त्याने चुकून नाही, मुद्दाम ठेवला असेल, मस्तीत ठेवला असेल, काहीही असू दे. मला कळू दे. नाहीतर मी मरेपर्यंत त्याच्यावर रागावलेलीच राहीन, आणि मेल्यावर तो मला वर भेटला तर पहिली थोबाडीत मारीन."

सांगावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलं होतं. तिला तिचा पोरगा परत मिळाला असता, निर्दोष, शहाणा, विचारून जाणारा. पण माझा भाऊ तेवढ्यात माडावर चढत होता, आणि माझ्या दारातून तो दिसत होता. मी म्हटलं, "गाण्यात आहे तेच, तेरेसिया." घाण वस्तू टाकावी तसे तिने माझे हात सोडले. बरोबरच होतं तिचं.

सोहळ्याच्या दिवशी मानेआबा भरला. प्रत्येक घराण्याची तिथे ठरलेली जागा असते, ठरलेल्या खांबापाशी, आजोबा-पणजोबांपासूनची. तोआतूच्या घराण्याच्या जागेवर, बापाच्या मागे, तानिएराची चटई त्याच्या आईने अंथरली होती. रिकामी. पाहुणे नाचून झाले. आमच्या पोरी उभ्या राहिल्या, पुरुषांनी मध्ये लाकडी खोकं घेतलं, तोआतू खोक्यापाशी, ताल धरायला.

आमच्याकडे एखादी ओळ कोणाच्या काळजाला लागली तर तो बसल्या जागेवरून ओरडतो, "पुन्हा!" मग ती ओळ पुन्हा गावीच लागते. कितीही वेळा. नाही म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या दुःखाला नाही म्हणणं.

गाणं सुरू झालं. माझा पाय वाळूत, तुझा पाय पाण्यात. पाहुण्यांमधली एक बाई पावडरचा डबा घेऊन उठली, नाचणाऱ्या पोरींच्या मानेवर पावडर शिंपडायला, आवडल्याची खूण म्हणून. तेवढ्यात तेरेसिया बाहेरून आत आली. मला वाटलं होतं ती येणारच नाही. तिच्या हातात तो होता. पेट्रोलचा डबा. दोन्ही हातांनी उचलून, पोटाशी धरून आणला, आणि मुलाच्या रिकाम्या चटईवर ठेवला.

"ही त्याची जागा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आणि हा त्याचा विसराळूपणा. बसू दे इथेच."

तोआतूने वळून बघितलं. वर्षभर तो घरामागे गेलाच नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याचा खोक्यावरचा हात थांबला. पोरी तालावाचून पुढे गेल्या, जाळ्याची गाठ माझ्या दातात, आणि सगळ्यांनी मिळून सावलीची ओळ उचलली. तो गात नव्हता. त्याचे ओठ हलत होते. मी उठले, त्याच्याकडे जायला निघाले, काउतुना आजोबांनीही हात वर केला, पण आम्हाला उशीर झाला होता. त्या सगळ्या आवाजांच्या वर त्याचा एकट्याचा आवाज चढला, आणि तो त्याचा नव्हता.

"बाबा, दुसरा डबा घेऊ का?"

पोरी गप्प झाल्या.

"नको रे," तो म्हणाला. आता त्याचाच आवाज. "ओझं होतं. दुपारी येशीलच."

पावडरवाली बाई मध्येच उभी राहिली. काउतुना आजोबांनी तोंडावर हात ठेवला. तोआतू गुडघ्यांवर बसला, आणि मला वाटलं आता हा उठेल आणि सरळ पाण्याकडे चालत जाईल. मी त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मी म्हातारी बाई काय अडवणार होते त्याला!

तेरेसिया चटईपाशी उभी होती. तिचा चेहरा मला वाचता येईना. नवऱ्याकडे बघत होती, पण जणू त्याच्या पलीकडे कोणीतरी उभं असावं तशी.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. नाही, नाही.

"पुन्हा!"

त्याने गायलं. बाबा, दुसरा डबा घेऊ का. नको रे, ओझं होतं. त्याचा आवाज फाटत होता. बाप्ये खाली बघत होते.

"पुन्हा."

गायलं. मला तिचा राग आला. वाटलं, मारून टाकतेय ही त्याला, सगळ्या गावासमोर. मी तिला थांबवायला तोंड उघडलं, आणि बघितलं तर तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. वर्षभराचं. ती ते पुसतही नव्हती. प्रश्न आला की तिचे डोळे मिटायचे, आणि उत्तर आलं की उघडायचे.

"पुन्हा."

"बाबा," त्याने सुरुवात केली, "दुसरा डबा घेऊ का?" आणि पुढचं त्याच्याने निघेना. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, आणि आवाज नाही. नको म्हणायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. पोराचा प्रश्न तसाच मानेआबात राहिला, नव्या छपराखाली.

तेरेसिया खाली बसली. चटईवरच्या डब्यावर तिने हात ठेवला, पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"घे रे बाळा," ती म्हणाली. "घे. दोन्ही घेऊन जा."